घरकुलाचा हप्ता : जोत्यापर्यंत तुमचं तुम्ही

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, गावच्या भाषेत 'घरकुल', ही योजना म्हणून कशी आहे यावर पुष्कळ लिहून झालंय. इथं तपासलीय ती सेवा. नाव यादीत आल्यापासून शेवटचे ५,००० रुपये खात्यात पडेपर्यंत सरकारी यंत्रणा कशी चालते, कुठं अडकते, आणि अडकली तर कुठल्या टेबलासमोर उभं राहून नेमकं काय विचारायचं. जिल्हा कोल्हापूर. एकीकडं गगनबावड्याचा पाऊस, दुसरीकडं शिरोळची काळी रानं आणि मधे पंचगंगेचा पूर. नियम सगळ्या देशाला एकच, पण बारा तालुक्यांत त्यांचा ताप सारखा नाही.

आधी पैशाचा हिशेब. केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के मिळून घरकुलाचे १,२०,००० रुपये. महाराष्ट्रात ते चार हप्त्यांत येतात. मंजुरीला १५,०००, जोतं झालं की ७०,०००, भिंती छताच्या बेताला आल्या की ३०,००० आणि संडासासह घर पुरं झालं की ५,०००. याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची अकुशल मजुरी. २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजानं ती २८,०८० होते. संडासाचं अनुदान पूर्वी घेतलं नसेल तर स्वच्छ भारतचे १२,०००. २०२५ मध्ये राज्यानं वर ५०,००० जाहीर केले, त्यातले ३५,००० बांधकामाला आणि १५,००० छतावरच्या सौर पॅनेलला. बेरीज २,१०,०८०. भाषणांत ऐकू येतो तो 'दोन लाख दहा हजार' हाच. फक्त हे पाणी एका नळानं येत नाही. पाच तोट्या आहेत आणि प्रत्येक तोटीचा चावीवाला वेगळा. घरकुलाच्या टेबलावर रोजगार हमीचं विचारलं तर तिथला माणूस खांदे उडवणार, आणि त्यात त्याची चूकही नाही.

आता या सेवेतला सगळ्यात मोठा दोष. कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं घर बांधायचं असतं. साडेसोळा फूट चौकोन धरा, मधे एक आडवी भिंत. पायाची एकूण लांबी झाली साधारण ८२ फूट. दोन फूट रुंद आणि तीन फूट खोल चर काढला तर ४९२ घनफूट, म्हणजे पायातच जवळजवळ पाच ब्रास डबर. वर जोत्याची उंची, मुरमाची भर, सिमेंट, क्रश सँड, गवंड्याची आणि बिगाऱ्याची मजुरी. ट्रॅक्टरचं भाडं वेगळंच. हे सगळं १५,००० मध्ये बसवून दाखवणारा गवंडी अजून जन्माला यायचाय. आणि जोत्याचा फोटो चढल्याशिवाय ७०,००० सुटत नाहीत. ज्याच्याकडं जोतं बांधायला पैसे नाहीत म्हणून त्याला घरकुल मंजूर झालं, त्यानं आधी जोतं बांधून दाखवायचं, अशी ही गंमत आहे. मग बचत गटाचं कर्ज, पाहुण्यांकडून उसने, किंवा सिमेंटच्या दुकानात उधारी. योजनेत ७०,००० पर्यंत बँकेच्या कर्जाची सोय लिहिलेली आहे. पण तारण काय ठेवणार या प्रश्नापाशी ती सोय सहसा थांबते.

काळ्या जमिनीत हा खड्डा आणखी खोल जातो. शिरोळ, हातकणंगलेच्या बाजूला मुरूम लागेपर्यंत उकरायचं तर तीन फुटांवर भागत नाही. आजरा, चंदगड, राधानगरीकडं जांभा वर असतो, पाया उथळ चालतो आणि भिंतीलाही जांभ्याचा चिरा जवळच्या खाणीतून मिळतो. सरकारी रक्कम मात्र दोन्हीकडं तीच. पूरपट्ट्यात तर जोतं उंच घ्यावंच लागतं. २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्या गावांत शिरलं तिथं दीड-दोन फुटांच्या जोत्यावर घर बांधणं म्हणजे पुढच्या पुराला आमंत्रण. जोत्याचा प्रत्येक वाढीव फूट लाभार्थ्याच्या खिशातून जातो.

घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळते, तिचा परवाना तहसील कार्यालयातून घ्यायचा. वाहतूक मात्र आपली. कृष्णाकाठच्या गावाला याचा उपयोग आहे. शाहूवाडीच्या वरच्या वाडीला गाडीभाड्याचा आकडा बघितला की जवळच्या क्रशरची क्रश सँडच स्वस्त पडते. परवान्याची मुदत कमी असते, त्यामुळं ट्रॅक्टर ठरल्याशिवाय परवाना काढू नका.

यादीपासून सुरुवात करू. गावात 'प्रपत्र ब' आणि 'प्रपत्र ड' हे शब्द कानावर पडतात. 'ब' म्हणजे २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात सर्वेक्षणातून आलेली जुनी प्रतीक्षा यादी. 'ड' म्हणजे त्यातून राहून गेलेल्यांची, आवास प्लस सर्वेक्षणातली. त्यानंतरचा नवा सर्व्हे मोबाईल ॲपवर झाला, त्यात चेहरा ओळखून स्वतःचा स्वतः अर्ज भरायचीही सोय होती. नाव कुठल्या यादीत आहे हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या, कारण वगळण्याचे निकष सगळ्यांना लागतात. नव्या निकषांत दुचाकी आणि फ्रिज चालतो. घरातल्या एकाची महिन्याची कमाई १५,००० पेक्षा जास्त असेल, अडीच एकर किंवा जास्त बागायत असेल, तीन-चार चाकी गाडी असेल, तर नाव जातं. कोल्हापुरात खरी मेख किसान क्रेडिट कार्डाची आहे. ५०,००० किंवा त्याहून जास्त मर्यादेचं कार्ड असेल तर माणूस अपात्र. विकास सोसायटीतून ऊसकर्ज उचलणारा एक-दीड एकराचा शेतकरी, पडक्या भिंतीच्या घरात राहणारा, या कलमाला सापडतो. कर्ज म्हणजे श्रीमंती, असा हा निकष दिल्लीत बसून लिहिलेला वाटतो. नाव चुकीनं वगळलं असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि पुढं अपील हा मार्ग आहे, तोंडी तक्रारीला किंमत शून्य.

मंजुरीचा टप्पा आता बऱ्यापैकी सरळ झालाय, इथं शाबासकी द्यायला हवी. नोंदणी, आधार, बँक खातं, जागेचा पहिला फोटो हे सगळं आवाससॉफ्टवर, म्हणजे योजनेच्या संगणक प्रणालीवर, चढलं की मंजुरी आदेश निघतो. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यानंतर आठवड्याच्या आत, कामाचे सात दिवस धरून, पहिला हप्ता खात्यात जायला हवा. निधी असेल तेव्हा तो तसा जातोही. मंजुरी पत्र हातात मागून घ्या. त्यावरचा 'एमएच'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक पुढं प्रत्येक टेबलावर लागतो. नुसतं नाव सांगितलं तर एकाच गावात त्याच नावाची तीन माणसं निघतात. घर शक्यतो बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर मंजूर होतं, तेव्हा कागद तिच्याच नावाचे जुळवायचे.

जागेचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा, म्हणजे घर-जागेच्या नोंदीचा, उतारा. अर्ध्या फायली इथंच आडव्या पडतात, कारण उतारा अजून आजोबांच्या नावावर असतो. वारसनोंद नसेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र जोडावं लागतं, आणि भाऊबंदकी असलेल्या वाड्यात ते घरकुलाच्या मंजुरीपेक्षा अवघड. नाव यादीत वर सरकतंय असं दिसलं की तेव्हाच वारसनोंद करून टाका. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागेला १,००,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. नदीकाठी असाल तर निळी पूररेषा कुठून जाते ते आधी बघा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. निळ्या आणि तांबड्या रेषेच्या मधे अटी घालून परवानगी. जुनं घर तिथं असलं म्हणून नवं तिथं बांधता येईलच असं नाही, आणि हे जोतं घातल्यावर कळलं तर पैसे आणि वर्ष दोन्ही पाण्यात.

आता तो फोटो. सगळ्या प्रक्रियेचा कणा हाच आहे, आणि सगळ्यात दुबळी जागाही हीच. प्रत्येक टप्प्यावर ग्रामीण गृहनिर्माण अभियंता किंवा ग्रामपंचायतीचा माणूस जागेवर येतो, ॲपमधून फोटो काढतो, त्यात अक्षांश-रेखांश आणि वेळ आपोआप बसते. तो फोटो पंचायत समितीत तपासला जातो, मंजूर झाला की पुढच्या हप्त्याची ऑर्डरशीट तयार होते. कागदावर हे अर्ध्या तासाचं काम. प्रत्यक्षात अभियंता एक, गावं ढीगभर, आणि मार्च एंडला सगळ्यांचे फोटो एकदम.

फोटो कसा नाकारला जातो ते नीट बघण्यासारखं आहे. रस्त्यावर उभं राहून काढला की पुढं शेजाऱ्याची भिंत दिसते आणि जोतं मागं लपतं. जोत्यावर वीट-चिऱ्याचा ढीग, त्यावर वाळत घातलेली गोधडी, तर तपासणाऱ्याला पातळी कळत नाही. लाभार्थी फोटोत नाही, त्याच्या जागी पोरगा उभा. पहिला फोटो गावठाणातल्या जुन्या घराचा आणि दुसरा वस्तीवरच्या जागेचा, म्हणजे दोन ठिकाणं जुळत नाहीत आणि प्रकरण संशयात जातं. म्हणून जागा बदलायची असेल तर मंजुरीच्या आधी, नंतर अजिबात नाही. फोटोच्या दिवशी जोत्याच्या चारही बाजू मोकळ्या करा, कोपऱ्यातून तिरका फोटो घ्यायला सांगा म्हणजे दोन बाजू आणि उंची एकदम दिसते, आणि ज्याच्या नावावर घर आहे त्यानं जोत्यावर उभं राहावं, दूर कडेला नको. मोकळ्या जागेचा पहिला फोटो चढायच्या आधी खोदाई सुरू करू नका. खोदलेली जागा दिसली की काम आधीच चालू होतं असा शेरा पडतो.

गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगडच्या डोंगरात रेंज नसते. फोटो काढलेला असतो पण तो फोनमध्येच राहतो, वर चढत नाही. लाभार्थी म्हणतो फोटो झाला, पंचायत समिती म्हणते आला नाही, आणि दोघंही खरं बोलतात. दोन दिवसांनी फोन करून 'फोटो अपलोड झाला का' एवढंच विचारा. 'हप्ता कधी' या प्रश्नाला उत्तर कुणाकडंच नसतं.

फोटो मंजूर झाला की एफटीओ, म्हणजे निधी वर्ग करण्याचा आदेश. त्यावर दोन डिजिटल सह्या लागतात, पहिली आणि दुसरी. साहेब रजेवर, साहेबांची बदली, नव्या साहेबांची डिजिटल सही अजून नोंदली नाही, या तीन कारणांनी अख्ख्या तालुक्याचे हप्ते एकदम थांबतात. तुमचा एकट्याचा थांबलाय की सगळ्यांचा, हे आधी विचारून घ्या. सगळ्यांचा असेल तर हेलपाटे मारण्यात अर्थ नाही, ऊस तोडायला किंवा भाताला जा. दोन्ही सह्या झाल्या की पुढची नळी मात्र उत्तम आहे. पीएफएमएस या केंद्राच्या पैसे पाठवण्याच्या प्रणालीतून पैसे थेट खात्यात, मधे कुणाचा हात नाही. जुन्या इंदिरा आवासच्या काळाशी तुलना केली तर हा बदल मोठा आहे, आणि तो कबूल न करणं अन्यायाचं होईल. एफटीओ कुठवर आलाय हे योजनेच्या संकेतस्थळावर एफटीओ ट्रॅकिंगमध्ये दिसतं. गावातला कुठलाही कॉलेजचा पोरगा पाच मिनिटांत काढून देईल.

'पैसे गेले असं दिसतंय, खात्यात नाहीत' ही तक्रार सगळ्यात जास्त. कारणं बहुतेक ठरलेली. आधारशी जोडलेले पैसे तुम्ही पासबुक दिलेल्या बँकेत जात नाहीत, ज्या खात्याला आधार शेवटचा जोडला गेला तिथं जातात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी कितीतरी बायकांनी नवीन खाती काढली, आधार तिकडं सरकला, आणि घरकुलाचा हप्ता त्या खात्यात पडून राहिला. घरात कुणाच्या लक्षात नाही. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग' बघा, किंवा मोबाईलवरून *९९*९९*१# डायल करा. बँकेचं नाव समोर येतं.

दुसरं कारण ओळखायला अवघड आहे. कमी कागदपत्रांवर काढलेलं 'छोटं खातं' असतं. त्यात एका वेळी ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही (सरकारी अनुदानाला नियमानं यातून सूट आहे), वर्षात एकूण १,००,००० पेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही, आणि महिन्याला १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाहीत. पहिले १५,००० अशा खात्यात आरामात बसतात. मग ७०,००० येतात, आणि बँकेनं ती सूट धरली नाही तर परत जातात. लाभार्थ्याला वाटतं सरकारनं फसवलं, पंचायत समितीत एफटीओ 'फेल' दिसतो, आणि बँकेत कुणी विचारेपर्यंत महिना जातो. मंजुरी मिळाल्याच्या दिवशी बँकेत जाऊन पूर्ण केवायसी करा आणि 'हे छोटं खातं आहे का' असं स्पष्ट विचारा. फेल झालेला एफटीओ आपोआप परत निघत नाही, खातं दुरुस्त करून तो नव्यानं काढावा लागतो.

तिसरं म्हणजे नाव. आधारवर 'आक्काताई', रेशनकार्डावर 'अक्काताई', बँकेत माहेरचं आडनाव. माणूस एक, संगणकाला तीन बायका दिसतात. आधार हे मूळ धरा आणि बाकीचे कागद त्याच्याकडं वळवा, उलटं करायला जाल तर प्रत्येक ठिकाणी नवा पुरावा मागतील.

कोल्हापुरात या सगळ्यावर पावसाचं घड्याळ चालतं. मंजुरीपासून १२ महिन्यांत घर पुरं करायचं असं मार्गदर्शक सूचना सांगतात. पश्चिमेकडच्या तालुक्यांत त्यातले चार महिने चिखलातच जातात. एप्रिलच्या मध्यापर्यंत दुसरा हप्ता हातात नसेल तर मिरगाच्या आत छत पडत नाही, आणि उघड्या भिंती आषाढात भिजल्या की वरचे थर सुटतात. अशा वेळी जोत्यावर थांबणं शहाणपणाचं. जोतं पाऊस खाऊन बसतं, पक्कं होतं, आणि दिवाळीनंतर भिंती चढवता येतात. पण जोत्यावर थांबलेलं घर यंत्रणेला 'रखडलेलं' दिसतं आणि नोटीस येते. नोटिशीला घाबरू नका. पावसाचं कारण लिहून अर्ज द्या, आवक टेबलावर शिक्का मारून पोच घ्या. ही पोच नसेल तर तुमचं म्हणणं कुठंच नोंदलेलं नाही असं समजा.

रोजगार हमीची मजुरी घरकुलाबरोबर आपोआप येत नाही. जॉबकार्ड लागतं, कामाची मागणी करावी लागते, आणि हजेरीपत्रक त्या त्या टप्प्याच्या वेळीच निघायला लागतं. घर पुरं झाल्यावर मागचं हजेरीपत्रक निघत नाही. २८,०८० रुपये कमी नाहीत, जवळजवळ तिसऱ्या हप्त्याएवढे आहेत, आणि तरी सगळ्यात जास्त बुडतात ते हेच. रोजगार सेवकाला जोत्याच्या आधी गाठा.

सर्व्हे, फोटो, हप्ता, कशालाही फी नाही. कुणी 'चहापाणी' मागितलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. मधला एजंट ठेवायची गरज फक्त त्यालाच वाटते. अडलेल्या प्रकरणासाठी क्रम असा: ग्रामपंचायत अधिकारी, मग पंचायत समितीतलं घरकुलाचं टेबल, मग लेखी अर्ज गटविकास अधिकाऱ्यांना, आणि तिथंही हललं नाही तर जिल्हा परिषदेच्या ग्रामीण विकास यंत्रणेत. कलेक्टर कचेरीत थेट गेलात तर अर्ज फिरून परत त्याच पंचायत समितीत येतो, फक्त पंधरा दिवस उशिरा.

तुकड्या-तुकड्यानं गुण द्यायचे तर पैसे पोचवणाऱ्या नळीला पाचपैकी साडेचार, मंजुरीला साडेतीन, फोटो ते एफटीओ या मधल्या टप्प्याला दोन. हप्त्यांच्या रचनेला एक, तोही शेवटच्या दोन हप्त्यांकडं बघून.

आणि तो शेवटचा, ५,००० चा. घरात राहायला गेलेली माणसं त्याच्या मागं लागत नाहीत, कारण त्यासाठी दारं-खिडक्या बसलेल्या, संडास पुरा आणि त्याचा वेगळा फोटो हवा असतो. पण तो उचलला नाही तर नोंदीत घर 'अपूर्ण' राहतं, वसुलीच्या नोटिशीत नाव येऊ शकतं. सौरचे १५,००० आणि स्वच्छ भारतचे १२,००० मिळवायलाही पुऱ्या झालेल्या घराची नोंद कामाला येते. संडासाला दार बसवा, त्याच दिवशी फोटो मागा, आणि नमुना आठला नव्या घराची नोंद झाली का ते घरपट्टीच्या पावतीवर बघून घ्या.